झोपू द्या त्येनला

उदयसिंह फौजेतून घरी आला, पण झोप तिकडंच ठेवून आला, असं गावात म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातंय? ते रात्री घोरत पडायला मोकळे. खरं विचारायचं तर त्याच्या बायकोला विचारावं, संयोगिताला. शिराळ्याच्या अलीकडच्या त्या गावात रात्रभर दिवा जळणारं घर एकच होतं, आणि ते तिचं.

माणूस वाईट नव्हता हो. दारूला शिवत नव्हता, कुणाच्या अध्यातमध्यात नव्हता. फौजेत गाडी चालवायचा. डोंगरातल्या एका वळणावर रस्ताच खचला आणि गाडी दरीत गेली. हा दारातून बाहेर फेकला गेला म्हणून वाचला, मागं बसलेली पोरं गेली. चौकशी झाली, ड्रायव्हरची चूक नाही असा निकाल लागला. पण मेंदूला तो निकाल कोण सांगणार? रिटायर होऊन घरी आला तरी अंधार पडला की ह्याच्या अंगणात येरझाऱ्या सुरू. कडी काढायची, कडी लावायची. लांबच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला तरी घामानं भिजायचा.

एकदा पहाटे तो झोपेत फार कण्हत होता म्हणून संयोगितानं खांद्याला धरून हलवलं. त्यानं डोळे मिटलेलेच असताना तिचा गळा धरला. डोळे उघडले, बायको दिसली, तेव्हा हात सुटला. मग बाहेर पायरीवर बसून तो लहान पोरासारखा रडला. पुढं बरेच दिवस ती पदर गळ्याभोवती गुंडाळून वावरत होती. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाली, पडसं झालंय. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला, हा माणूस निजलेला असताना त्याला हात लावायचा नाही.

तिची लेक सई साताऱ्याला वसतिगृहात राहून शिकत होती. तिनं तिथल्या एका वैद्यबाईंचं नाव सांगितलं, प्रमोदिनीबाई. वाईकडच्या, वयस्कर, बोलायला रोखठोक. त्यांनी आधी पेशंट घेऊन या म्हणून बजावलं, त्याशिवाय बाटलीला हात लावला नाही. लेकीला भेटायचं निमित्त करून संयोगितानं नवऱ्याला नेलं.

"चोर आला की कुत्रं भुंकतं," बाई म्हणाल्या. "चोर गेला की गप्प बसतं. तुमच्या डोक्यातलं कुत्रं अजून भुंकतंय. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल चढतं, पळा नाहीतर लढा म्हणून. मेंदूत गाबा नावाचं दुसरं एक रसायन असतं, ते म्हणतं, पुरे, झालं आता. तुमचं पहिलं वेळेवर उतरत नाही आणि दुसऱ्याचं कुणी ऐकत नाही. तगर आणि जटामांसीचा अर्क त्या दुसऱ्याला थोडा हात देतो, असं प्रयोगांत दिसलंय. उंदरांत जास्त, माणसांत कमी. म्हणून मी चमत्कार कबूल करत नाही. आणि मनाच्या डॉक्टरांकडं जायचंच आहे. हे थेंब त्याच्याऐवजी नाहीत."

उदयसिंहानं बाटलीचं बूच काढून वास घेतला. "पावसाळ्यात आमच्या बराकीत ह्योच वास यायचा," तो म्हणाला. "ओल्या मोज्यांचा." बाई हसल्या. संयोगितानं त्याला विनोद करताना फार दिवसांनी ऐकलं होतं. तिला तिथंच गलबलून आलं.

निघताना बाईंनी तिला बाजूला घेतलं. "मोजून दहा थेंब. मनानं वाढवायचे नाहीत. आणि एक लक्षात ठेवा. या औषधाची झोप हाक मारली की मोडते. हाकेला उठला नाही, तर त्याला औषध समजू नका. मला फोन करा, नाहीतर सरळ दवाखाना गाठा." संयोगितानं मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

थेंबांनी फरक पडला. थोडाच, पण पडला. पहिल्या प्रहरी जरा डोळा लागायला लागला, जेवताना ताटाकडं लक्ष जायला लागलं. मनाच्या डॉक्टरांचं मात्र आज जाऊ, उद्या जाऊ असं करत राहून गेलं. थोडं बरं वाटायला लागलं की माणसाची हाव सुटते, तशी हिची सुटली. हा सगळी रात्र निजला तर कसं होईल, हा एकच विचार दिवसभर डोक्यात.

अशात नागपंचमी आली. पंचमीला माहेरवाशिणी घरी येणारच. नणंद राजेश्वरी दोन पोरांना घेऊन कोरेगावहून आदल्या दिवशीच आली, घर गजबजलं. पोरांना पलंग पाहिजे म्हणून उदयसिंहानं आपला पलंग दिला आणि स्वतः सोप्यात, पेंडीच्या पोत्यांशेजारी, भुईवर वाकळ टाकली. संयोगिताला एकच धास्ती. वन्संच्या देखत हा अंगणात फिरला, ओरडला, कुणाच्या अंगावर धावला तर? कोरेगावपर्यंत बोभाटा होईल. तिनं संध्याकाळी दुधात दहाच्या जागी वीस थेंब घातले. हात तरीही थांबेना, आणखी थोडे घातले. वास मारायला वेलदोड्याची पूड टाकली. त्यानं गुमान पिऊन टाकलं.

पहाटे तो उठून पाणी प्यायला आला तेव्हा ती चुलीपाशीच होती.

"पोटात कळ मारतीया गं," तो म्हणाला. "घशात कायतरी अडकल्यावानी वाटतंय."

"दूध पचलं नसंल. पडा वाईच."

"जीब जड झालीया."

तिच्या मनात चर्र झालं ते वेगळ्याच कारणानं. थेंब जास्त झाले, हे तिला लख्ख कळलं, म्हणजे तिला तसं वाटलं. पण त्याच दमाला आत कुठंतरी बरंही वाटलं. त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या, मान पुढं कलत होती. दोन वर्षांत तिनं असा पेंगुळलेला नवरा पाहिला नव्हता. "झोप येतीया, येऊ द्या," ती म्हणाली आणि त्याला वाकळेवर निजवून आली. पोटातली कळ तिनं वाढलेल्या थेंबांच्या माथी मारली आणि गप्प बसली.

मग सुरू झाला त्या घरातला सगळ्यात शांत दिवस. पंचमीला आमच्याकडं विळी हातात धरत नाहीत, तवा चुलीवर चढत नाही, उखळमुसळ बंद. पुरणाचे दिंड तेवढे वाफेवर उकडत होते. त्यामुळं घरात आवाज असा नव्हताच, आणि जो होता तोही संयोगितानं बंद केला. पोरांना अंगणात पिटाळलं. टीव्हीची वायर काढली. दूधवाल्याला दारातूनच ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. धाकटा दीर जयराज गाडी सुरू करायला निघाला तर त्याला म्हणाली, "भावजी, गाडी ढकलत रस्त्याला न्या आन् मग सुरू करा. ह्येंचा डोळा लागलाय." तोही बिचारा हसून ढकलत घेऊन गेला. दादा निजलाय म्हटल्यावर सगळ्यांनाच सण गोड झाला.

नाही झाला तो एकट्या अंबूबाईला. सासू गुडघ्यांनी अधू झालेली, पण भिंतीला धरून सोप्यापर्यंत जाऊन आली.

"उदयाचं डोळं अर्धं उगडं का गं? निजल्यालं मानूस असं दिसत न्हाई."

"आवशिदाची झोप हाय, आत्याबाई."

"हाक मारून बग की."

"नगं. झोपू द्या त्येनला. दोन वर्सांत पयल्यांदा अशी लागलीया."

अंबूबाईनं आवाज खाली आणला. "भुईवर निजला हुता. पान लागलं न्हाई न्हवं?"

साप चावला असं आमच्याकडं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. पण ते पानसुद्धा पंचमीला उच्चारायचं नसतं. राजेश्वरी आईवर उसळलीच. "आई, इपरीत बोलू नगंस. आज त्येला भाऊ म्हनून पुजायला जायाचं आन् घरात बसून असलं काढतीस? कालपास्नं उपास धरलाय मी भावाचा."

अंबूबाई ओशाळली. लेकीनं पंचमीची आण घातल्यासारखं झालं, पुढं काय बोलणार? आणि संयोगिताला तर नणंदेचा मुका घ्यावासा वाटला. कारण खरी गोष्ट तिच्या एकटीच्या पोटात होती. हाक मारली आणि तो उठला नाही, तर किती थेंब घातलेस म्हणून सगळे तिलाच धरणार. त्यापेक्षा उतरेल तेव्हा उतरेल, उठेल तेव्हा उठेल. एवढं साधं गणित तिनं मांडलं. भित्र्या माणसाचं गणित असंच असतं, त्यात हातचा धरायचा राहून जातो.

वारुळाला जायच्या आधी नवी साडी नेसून ती सोप्यात आली. उदयसिंह उताणा पडला होता. पापण्यांतून डोळ्यांची पांढरी रेघ दिसत होती. उजेडानं झोप मोडेल म्हणून तिनं बोटानं त्याच्या पापण्या हळूच खाली ओढल्या. निजल्यावर हात लावायचा नाही हा तिचा नेम तिनं पहिल्यांदाच मोडला, आणि तो दचकला नाही. तिला त्याचंच अप्रूप वाटलं. ती त्याच्या उशाशी टेकली.

जागेपणी ज्याच्याशी बोलायची चोरी, त्याच्याशी तो निजल्यावर बोलायला काय हरकत आहे? तिनं मन मोकळं केलं. "असंच निजून ऱ्हावा," ती म्हणाली. "तुमी जागं असलं की मला भ्या वाटतं तुमचं. माझ्याच घरात मी चोरावानी चालती. खरं सांगू का? कवाकवा वाटतं, त्या गाडीसंगं तुमीबी गेला असता तर बरं झालं असतं. तुमीबी सुटला असता, मीबी सुटली असती. हितं परत आला त्यो कुनी दुसराच आला."

बोलली आणि हलकी झाली. त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून कानाकडं गेलं. तिनं ते पदरानं टिपलं. अर्क उग्र आहे, डोळ्यांतून पाणी येत असेल, असं तिला वाटलं. त्याचं एक बोट वाकळेवर किंचित हललं, तेही तिनं पाहिलं. स्वप्न पडत असेल म्हणाली आणि लाह्यांचं ताट घेऊन बायकांबरोबर बाहेर पडली.

वारुळापाशी फेर धरला गेला. श्रावणाची भुरभुर चालू होती. संयोगिता त्या दिवशी मनापासून नाचली, कपाळाचं कुंकू ओघळलं तरी थांबली नाही. कुणीतरी म्हणालंसुद्धा, आज लय खुशीत हायस.

परत आली तर दारात शेजाऱ्याची जीप आडवी लागलेली आणि दोघं जण उदयसिंहाला खांद्याला आणि पायाला धरून मागं चढवत होते. झालं असं होतं, की बायका गेल्यावर अंबूबाईला राहवेना. ती भुईवर घसटत घसटत लेकापाशी गेली आणि हाका मारू लागली. ओ आली नाही. छातीवर हात ठेवला तर छाती हलल्यासारखी वाटेना, नाकाशी हात नेला तर श्वास लागे न लागे. तिनं ओरडून शेजार गोळा केला, जयराजला बोलावून घेतलं.

"काय झालं?" संयोगिता म्हणाली.

"तूच सांग काय झालं," अंबूबाई म्हणाली.

शिराळ्याला जाणारा रस्ता पंचमीच्या गर्दीनं तुंबला होता. मातीचे नाग डोक्यावर घेतलेल्या बायका, ढोल, ताशे, लांबून आलेल्या गाड्या. जयराज हॉर्नवरचा हात काढत नव्हता. संयोगिता मागं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि आता मात्र हाका मारत होती, आवं, आवं ऐकलं का, आणि हात लावू नये तो हात त्याच्या गालावर चापट्या मारत होता. ओठ निळे पडत चालले होते. शेवटी तिनं जयराजला सांगून टाकलं. "भावजी, माझ्या हातनं आवशीद जास्त झालं. दुप्पट घातलं हुतं म्या." जयराजनं पोलिसाला हात जोडून गाडी गर्दीतून घातली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर दारातच होते, पंचमी म्हणून सर्पदंशाची लस आधीपासून तयार ठेवलेली. संयोगितानं कमरेला खोचून आणलेली थेंबांची बाटली काढून पुढं केली. डॉक्टरांनी ती बघितली, बाजूला ठेवली आणि उदयसिंहाच्या पापण्या वर करून सोडल्या. त्या परत खाली पडल्या.

"पहाटे पोटात दुखत होतं का? गिळायला त्रास? जमिनीवर झोपले होते?"

तिनं तिन्हीला मान हलवली.

"हे औषधाचं नाही. मण्यार चावलाय. त्याचा दात सुईसारखा असतो, चावलेलं कळत नाही, खूणही सापडत नाही." सलाईनमधून लस सुरू झाली, घशात नळी गेली, एक जण रबरी फुगा दाबून श्वास देऊ लागला. श्वास देत देतच त्याला मिरजेला न्यायचं ठरलं. "पहाटेच आणला असता तर," डॉक्टर एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले. पहाटे रस्ता मोकळा होता. लस तेव्हाही तिथंच होती.

मिरजेला त्याला यंत्रावर ठेवलं. काचेपलीकडं छाती वरखाली होताना दिसायची, पण ती छाती यंत्र हलवत होतं. राजेश्वरी भिंतीशी बसून होती. तिनं भावाचा उपास अजून सोडला नव्हता. वॉर्डाच्या डॉक्टर तरुण होत्या, प्रांजल नावाच्या. संयोगितानं त्यांना गाठलं.

"माझ्या थेंबांनी वाडलं का इख?"

"नाही, त्या थेंबांनी बहुतेक काहीच केलं नाही," त्या म्हणाल्या. "फक्त तुम्हाला वाटलं की त्यांनी केलं. अर्क काम करतो तो मेंदूत. हे विष मेंदूला हातसुद्धा लावत नाही. मेंदू सांगतो, डोळे उघड, हात हलव, श्वास घे. तो निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही, एवढंच ते करतं. बाहेरून झोपल्यासारखं दिसतं, पण माणूस जागा असतो."

"जागा म्हंजे?"

"म्हणजे जागा. श्वास पार कमी होईपर्यंत शुद्ध असते, सगळं ऐकू येत असतं. म्हणून तर आम्ही अशा पेशंटशी बोलत राहतो. तुम्हीपण आत जाऊन बोला ना त्यांच्याशी. बरं वाटेल त्यांना."

संयोगिता तिथंच फरशीवर बसली. सोप्यातलं एकेक वाक्य तिला आठवलं, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातलं पाणीही. लोकांना वाटलं नवऱ्याच्या काळजीनं बसली. काळजी होतीच. तो जगावा म्हणून तिनं यमाईला औंधापर्यंत अनवाणी येईन म्हणून नवस बोलला, आणि नवस बोलता बोलता तिच्या मनात आलं, की तो जगला तर तोंड उघडेल. ह्या विचाराची तिला स्वतःचीच किळस आली. आत जाऊन बोलायची पाळी तिची आली की ती अंबूबाईला पुढं करायची. म्हातारी चाकांच्या खुर्चीतून आत जायची आणि नुसतं उदया, उदया करत बसायची. काचेतून दिसायचं.

विष उतरायला वेळ लागला, पण उतरलं. आधी भुवया हलल्या, मग बोटं, मग श्वास. नळी निघाली तेव्हा जयराजनं सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले. उदयसिंहाचा आवाज फाटल्यासारखा झाला होता. तो आईशी बोलला, भावाशी बोलला, फोनवर सईशी बोलला. संयोगितानं उशी सरळ केली, पाणी पाजलं, पाय चेपले. तिच्याशी तो व्हय आणि न्हाई एवढंच बोलला.

एका दुपारी ती दोघंच होती. ती वाटीतून पेज भरवत होती.

"समदं ऐकू येत हुतं," तो म्हणाला.

तिनं भरलेला चमचा परत वाटीत ठेवला.

"त्या गाडीसंगं जायाला पायजे हुतं म्हनलीस. खरं हाय त्ये. मलाबी रोज तसंच वाटायचं, त्येचा राग न्हाई मला." तो दम घ्यायला थांबला. "पन तवा तिथं पडल्यावर मला जगायचं हुतं गं. दोन वर्सांत पयल्यांदा. लय जगायचं हुतं. डोळं उगडायला जीव काढला म्या. वाईच उगडलं, तर तू आलीस आन् मिटलंस."

"मला काय ठावं..." ती म्हणाली, आणि पुढचं रडण्यात गेलं. तो तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या नजरेत खरंच राग नव्हता. गळा धरला असता तर तिला चाललं असतं. ती बराच वेळ रडली, त्यानं तिला गप्प हो म्हटलं नाही आणि तोंडही फिरवलं नाही.

"घरी गेलो की माझं हातरूण आईच्या खोलीत घाल," तो म्हणाला. "मी निजलो की ती हाक मारील."

"व्हय," संयोगिता म्हणाली. तिनं डोळे पुसले, पेज थंड झाली होती ती ढवळली आणि चमचा त्याच्या तोंडापुढं धरला. त्यानं चमचा तिच्या हातातून काढून घेतला. निम्मी पेज छातीवर सांडली, पण उरलेली त्यानं स्वतःच्या हातानं खाल्ली.